मालवणात छोटे घर भाड्याने घेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीच्या सुट्टीनंतर मालवण, तारकर्ली, देवबाग या भागात घर भाड्याने घेण्याविषयी बरीच पत्रे आली. काही भाडेकरूंची आहेत, काही मुंबईत राहणाऱ्या घरमालकांची. बहुतेक अडचणींचे मूळ एकच दिसते. घर पाहिले जाते कोरड्या दिवसांत, व्यवहारही कोरड्या दिवसांतल्याच विचाराने होतो, आणि राहायचे मात्र असते आगोटीपासून (पावसाळ्याच्या तोंडापासून) वैशाखापर्यंत. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ याच विषयाला दिला आहे.

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्त आहोत. वर्षभर मालवणात राहून पाहायचे ठरवले आहे. नोव्हेंबरमध्ये दोन घरे पाहिली. एक चिऱ्याचे जुने कौलारू, समुद्रापासून जरा आत. दुसरे स्लॅबचे, दहा वर्षांपूर्वी बांधलेले, अगदी किनाऱ्याला लागून. भाडे जवळपास सारखे. कोणते घ्यावे आणि काय तपासावे? (डोंबिवली)

शक्य असेल तर आत्ता निर्णय करू नका. जूनच्या अखेरीस दोन-तीन दिवस संततधार झाली की याच दोन्ही घरांत पुन्हा जाऊन या. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही थांबतात. त्या दिवसांत गाव रिकामे असते, घरमालकाला बोलायला सवड असते आणि तुमच्या भाड्याची तुलना नाताळच्या दराशी होत नाही. थांबणे जमणार नसेल तर कोरड्या दिवसांतही घराने पाऊस कसा सोसला हे वाचता येते.

आधी कौलारू घर. भर दुपारी दारे-खिडक्या लावा, दिवे बंद करा आणि वर पाहा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येते. मग वासे आणि रिपा पाहा. गळतीचे तपकिरी ओघळ लाकडावर वर्षानुवर्षे राहतात. वाशांना नुकताच रंग दिला असेल तर ओघळ दिसणार नाहीत; अशा वेळी वासा भिंतीवर टेकतो त्या जागी पेचकसाचे टोक दाबून पाहा. टोक लोण्यात शिरल्यासारखे आत गेले तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी नक्की. छपराच्या दोन पाखी (उतार) जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ हा सगळ्यात कच्चा सांधा. पन्हळ गंजून चाळण झाली असेल तर बाकीचे छप्पर कितीही चांगले असले तरी त्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागेल.

कौले फुटतात ती मुख्यतः वानरांच्या उड्यांनी आणि वरून पडणाऱ्या झावळ्या-नारळांनी. म्हणून छपरावर माड झुकलेला आहे का, आणि पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) शेवटचा कधी चढला होता, हे विचारा. पडवीत किंवा मांगरात त्याच छापाची पंचवीस-तीस जादा कौले रचलेली असली तर घरमालक घर सांभाळणारा आहे असे समजा. मंगलोरी कौलांचे साचे कारखान्यागणिक थोडे वेगळे असतात. दुसऱ्या छापाचे कौल शेजारच्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि फटीतून झोताचे पाणी आत येते. जुने बरेच कारखाने बंद पडल्यामुळे तोच छाप ऐन जुलैत शोधून मिळत नाही. घर शाकारायचे (छपराची कौले नीट बसवायचे) काम मृगाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत व्हावे लागते. यंदा शाकारणी झाली का आणि कोणाकडून, हे नावानिशी विचारा. ज्याने काम केले त्या माणसाशी पाच मिनिटे बोललात तर घराची सगळी दुखणी कळतील.

स्लॅबचे घर नवे म्हणून बिनधोक समजू नका. किनाऱ्यावरच्या हवेतले क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात. सळई गंजली की फुगते, आणि फुगलेली सळई बाहेरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे ढकलून पाडते. खिडक्यांवरचे छज्जे, बाल्कनीची खालची बाजू आणि न्हाणीघराचे छत नीट पाहा. सळईच्या रेषेत सरळ गेलेली चीर, तिच्याकडेने तांबूस डाग, काठीने ठोकल्यावर बद्द आवाज, ही लक्षणे आहेत. स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर गळती कमी होते, पण पत्रे धरणारे आकडे गंजलेले असतील तर वाऱ्यात तेच पत्रे उडतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात छपरांची किती दैना केली ते तिथल्या कोणालाही विचारा.

भिंतींना लोणा लागला आहे का, हे दोन्ही घरांत पाहा. खाली दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी सुटलेली, रंगाचे पोपडे आलेले, असे असेल तर भिंतीत क्षार आहेत. गिलाव्यात खाडीची किंवा समुद्राची वाळू गेली की असे होते. असा क्षार हवेतलाच ओलावा ओढतो, त्यामुळे पाऊस नसतानाही भिंत ओलसर लागते. त्यावर ऑइलपेंट हा उपाय नाही. ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. चुन्याची सफेदी दरवर्षी द्यावी लागली तरी भिंत श्वास घेते.

पाऊस इथे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून तिरपा येतो. त्या बाजूला पडवी आहे का? पडवी असलेले घर आतून कोरडे राहते. पडवीला झड लावायची सोय कशी आहे तेही पाहा. पूर्वी माडाच्या झावळ्यांची झापे विणून लावत, आता ताडपत्री किंवा हिरवी जाळी लावतात. ताडपत्री बांधायला खांबांना कड्या आहेत का, आणि ती लावण्याचा खर्च कोणाचा, हे आधीच ठरवा.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी पुरेशा आहेत. मीटरपाशी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का पाहा आणि त्याचे चाचणीचे बटण दाबा. वीज लगेच तुटली पाहिजे. तुटली नाही तर किंवा आरसीसीबीच नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. ओल्या भिंतीच्या घरात हा जिवाचा प्रश्न आहे. शेवटची तीन बिले पाहून थकबाकी नाही याची खात्री करा. पावसात फांद्या तारांवर पडून वीज तासन् तास जाते, तेव्हा इन्व्हर्टर लागेलच. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर दोन पंखे आणि तीन-चार एलईडी दिवे सहा-सात तास चालतात.

शौचालयाच्या टाकीविषयी शेजाऱ्यांना विचारा. पावसात जमिनीतले पाणी वर आले की शोषखड्डा भरतो आणि संडासातले पाणी जात नाही. घरमालक हे आपणहून सांगत नाही. दोन बादल्या लागोपाठ ओतून पाहिल्या तर नोव्हेंबरमध्ये पाणी जाईलच, म्हणून इथे शेजाऱ्याचा शब्दच खरा.

तुमच्या वयाचा विचार करून आणखी दोन गोष्टी सांगतो. उंच जोत्याच्या घराला पाच-सहा पायऱ्या असतात आणि जुलैत त्यांवर शेवाळ धरते. कठडा नसेल तर तो बसवून घ्या आणि आठवड्याला एकदा ब्लीचिंग पावडरने पायऱ्या घासायची सवय ठेवा. दुसरे म्हणजे, घरापर्यंत रुग्णवाहिका येते का? गडग्यांमधली पाणंद नोव्हेंबरमध्ये फार सुंदर दिसते, पण तिच्यातून स्ट्रेचर दोनशे मीटर हातांवर न्यावे लागेल. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे.

आता निवड. तुमच्या वर्णनावरून आम्ही आतले कौलारू घर सुचवू, वासे टणक असतील आणि पश्चिमेला पडवी असेल तर. समुद्राला लागून असलेल्या घरात बिजागऱ्या, कड्या, गजांच्या जाळ्या, फ्रिजची मागची बाजू, एसीचे बाहेरचे यंत्र, सगळे काही वर्षांत खाऱ्या वाऱ्याने खाल्ले जाते. माडांच्या राईमागे तीन-चारशे मीटर आत गेलात तरी रात्री गाज ऐकू येते.

प्रश्न: देवबागला भाड्याने घेतलेल्या घराच्या विहिरीचे पाणी मार्चपर्यंत गोडे असते, मग मचूळ होते. घरमालक म्हणतो मोठा पंप बसवतो, म्हणजे भरपूर पाणी येईल. योग्य होईल का? (पुणे)

मोठा पंप बसवू देऊ नका. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशा दोन खाऱ्या पाण्यांमधली वाळूची पट्टी आहे. पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तुमची विहीर त्या तरंगत्या थरात आहे. दोन पाण्यांच्या घनतेत फरक इतका थोडा आहे की गोड्या पाण्याची पातळी एक फूट कायमची उतरली तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. मोठा पंप जोरात खेचतो तेव्हा विहिरीखाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा तयार होतो, आणि तो एकदा वर आला की नुसता पंप बंद करून लगेच खाली बसत नाही. शेजारच्या विहिरीही बिघडतात.

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरे. सकाळी पंधरा-वीस मिनिटे आणि संध्याकाळी तेवढाच चालवा, मधे विहिरीला भरून यायला वेळ द्या. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या विहिरीतल्या टोकाची झडप) अगदी तळाशी न ठेवता दोन-तीन फूट वर बांधा आणि पाणी उतरल्यावर पंप आपोआप थांबेल असा फ्लोट स्विच लावा. दोन माणसांना दिवसाला सगळे मिळून २७० लिटरच्या आसपास पाणी लागते, त्यामुळे ५०० लिटरची टाकी दोन वेळा थोडी थोडी भरून भागते. माडांना पाणी त्याच विहिरीतून दुपारी सोडत असतील तर ते संध्याकाळी द्या आणि बुंध्याशी झावळ्या, नारळाची सोडणे यांचे आच्छादन करा.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा छोटा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. फेब्रुवारीपासून दर रविवारी आकडा लिहून ठेवा. पिण्याच्या पाण्याला ५०० ही योग्य मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर २००० ही कमाल. आकडा ५०० च्या वर गेला की पिण्याचे पाणी वेगळे आणा. आरओ यंत्र बसवले तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते; तेच विहिरीतून जास्त उपसावे लागणार, म्हणजे मूळ दुखणे वाढणार. आरओचे वाया जाणारे पाणी माडाला घालू नका असे नाही, माड थोडा खारटपणा सोसतो. भाजीला मात्र घालू नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर विहीर निर्जंतुक करा. दर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाण्याची खोली अडीच मीटर असेल तर पाणी सुमारे ७,८५० लिटर, म्हणजे २० ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या, फक्त वरची निवळी विहिरीत ओता आणि पोहरा दहा-बारा वेळा खालीवर करून ढवळा. तासाभराने पाणी वापरा. शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत असेल तर हे दर आठवड्याला करावे लागेल, आणि वाळूत तेवढ्याने भागेलच असे नाही. अशा घरात पिण्यासाठी विहिरीचे पाणी उकळूनच घ्या.

प्रश्न: मालवणजवळचे आमचे वडिलोपार्जित घर बंद असते. एका बँक कर्मचाऱ्याला अकरा महिन्यांसाठी द्यायचे आहे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली तर चालेल ना? घरावर आजोबांचे नाव आहे. आम्ही चार चुलतभाऊ. (लालबाग)

चालणार नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज इतर कायद्यांवरून आला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे हे की वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

खर्च फार नाही. समजा भाडे ९,००० आणि अनामत ३०,००० रुपये. अकरा महिन्यांचे भाडे ९९,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे २,७५० रुपये. बेरीज १,०१,७५०, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २५४ रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी नगरपरिषदेच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. दोन्ही पक्ष आणि दोन साक्षीदार यांचे आधार व अंगठ्याचे ठसे लागतात. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला देऊन तिची पोच जपून ठेवा.

तुमची खरी अडचण नोंदणीची नाही, नावांची आहे. घरपत्रक उतारा आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. उताऱ्यावर जितकी नावे येतील तितक्या सगळ्यांनी करारावर सही करावी, किंवा एकाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे. तोंडी ‘तू बघ रे’ वर जाऊ नका. कोकणात भाडेकरूंचे सर्वाधिक हाल इथेच होतात: भाडे एक भाऊ घेतो, आणि मे महिन्यात दुसरा भाऊ मुलाबाळांना घेऊन स्वतःची किल्ली लावून आत येतो. दोघांचीही चूक नसते. घर दोघांचेही असते. भाड्याची वाटणी कशी करायची, त्यातला किती भाग दरवर्षी शाकारणीसाठी बाजूला ठेवायचा, हेही चौघांनी एका कागदावर लिहा. आमच्या मते दोन महिन्यांचे भाडे छपरासाठी राखून ठेवले नाही तर घर भाड्याने देऊन उपयोग नाही.

करारात छापील अटींपलीकडे पुढच्या गोष्टी घाला. छप्पर, भिंती, विहीर, पंप यांची दुरुस्ती मालकाची. नळ, दिवे, कड्याकोयंडे भाडेकरूचे. गळती कळवल्यावर सात दिवसांत मालकाने माणूस पाठवला नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून पावती दाखवावी आणि रक्कम भाड्यातून वजा करावी. नारळ, आंबे, फणस, कोकम कोणाचे, आणि पाडेलीची मजुरी कोणाची, हेही लिहा. क्षुल्लक वाटते, पण एका माडाच्या पेंडीवरून चांगले संबंध तुटतात. गंजणाऱ्या वस्तूंचे फोटो तारखेसह दोघांकडे असू द्या, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने गेलेल्या फ्रिजचे पैसे भाडेकरूच्या अनामतीतून कापले जातात. ते योग्य नाही.

प्रश्न: घरमालक म्हणतात, गणपतीत आम्ही सगळे येणार, तेव्हा घर हवे. शिवाय देवघराची खोली कुलूपबंद ठेवणार. अशी अट मान्य करावी का? (कोल्हापूर)

करावी, पण मोघम नको. चाकरमान्यांचे घर वर्षभर बंद असले तरी गणपती तिथेच बसतो, आणि तो बसवायची जागाही ठरलेली असते. ही अट काढून टाका असे म्हणणे म्हणजे घर नाकारणे.

पहिला प्रश्न विचारा: तुमचा गणपती किती दिवसांचा? कुठे दीड, कुठे पाच, सात, अकरा, काही घरांत एकवीससुद्धा. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, अनंत चतुर्दशी २५ ला. साफसफाई आणि माटवीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या) तयारीसाठी आधीचे दोन-तीन दिवस धरा. करारात तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहा. त्या दिवसांचे भाडे माफ, तुमच्या वस्तू ठेवायला एका खोलीला तुमचे कुलूप, आणि विजेचे मीटर वाचन येताना-जाताना लिहून त्यांचे बिल त्यांनी द्यायचे, एवढे असले की कोणाचे कोणावर ओझे राहत नाही. त्या आठवड्यात तुम्ही मुंबई-पुण्याकडे जायचे ठरवले तर उलट दिशेच्या गाडीत जागा मिळते.

देवघराच्या खोलीला बाहेरून वेगळे दार असेल तर उत्तम. रोज दिवा लावायला कोणी येणार असेल तर त्याचे नाव आणि वेळ विचारून घ्या. घरात मासे-मटण शिजवण्याबद्दल काही बंधन आहे का, हेही आत्ताच विचारा. मालवणात राहून ते नंतर कळणे वाईट.

एक हिशेब सहसा कोणी करत नाही. १ ऑक्टोबरपासून अकरा महिने म्हणजे ३१ ऑगस्ट: भर पावसात, गणपतीच्या तोंडावर सामान हलवायचे. १५ जूनपासून धरले तर मुदत १४ मेला संपते, तेव्हा मालकाला पर्यटकांचे दर दिसत असतात आणि नूतनीकरण अवघड होते. १ नोव्हेंबर ते ३० सप्टेंबर बरे पडते. त्याहून बरे म्हणजे बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा एकच करार, पहिले अकरा महिने दोघांपैकी कोणीही मोडू नये अशा अटीसह.

प्रश्न: भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या मोकळ्या असतात. नाताळात त्या पर्यटकांना दिल्या तर भाडे निघेल. करता येईल का? (मालवण)

मालकाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ते घर पुढे दुसऱ्याला देण्याचा हक्क नसतो, आणि एवढ्या कारणावरून करार रद्द होऊ शकतो. परवानगी मिळाली तरी पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेतली नोंदणी मालकाच्या नावाने करणेच सोयीचे. सरकारी नियम किनाऱ्यावरच्या स्थानिकांना राहत्या घरात ‘होम स्टे’ची मुभा देतात ती जोत्याचे क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. त्यामुळे मागे पत्र्याच्या दोन खोल्या वाढवण्याच्या फंदात पडू नका. सागरी नियमन क्षेत्रात ते बांधकाम पाडले जाऊ शकते आणि नोटीस मालकाला येते.

पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत ठेवावी लागते. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. पैसे घेऊन जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी, आणि स्वयंपाकाला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. एवढे सगळे वर्षातल्या दहा-बारा दिवसांसाठी करणे परवडते का, याचा हिशेब आधी करा.

प्रश्न: नाताळात पाच दिवसांसाठी छोटे घर ठरवले आहे. निम्मे पैसे आगाऊ मागतात. फसवणूक कशी टाळावी? (नाशिक)

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर समोरच्याला फाटकापासून चालत घरात आणि तिथून समुद्रापर्यंत जायला सांगा. पाठवलेले फोटो कोणाचेही असू शकतात, चालत दाखवलेले घर असू शकत नाही. वीजबिलावरचे नाव आणि पैसे ज्या खात्यात जातात ते नाव जुळते का पाहा. जुळत नसेल तर नाते काय ते विचारा. किती माणसे, किती न्हाणीघरे, गरम पाणी कशावर, गाडी दारात येते का, रद्द केल्यास किती परत, हे सगळे लेखी संदेशात मागा. ‘बीच टच’ या शब्दावर विसंबू नका, नकाशावर अंतर मोजा.

प्रश्न: जून ते ऑगस्ट आम्ही तिथे नसतो. भाड्याचे घर चालूच ठेवतो. मागच्या वर्षी परत आलो तर गाद्या-कपड्यांना बुरशी आणि फ्रिजला असह्य वास. घर नीट बंद कसे करावे? (ठाणे)

घर हवाबंद करण्यामुळेच असे होते. आतली दमट हवा बाहेर पडायला वाट हवी. पावसाच्या उलट बाजूचे, म्हणजे पूर्वेचे झरोके उघडे ठेवा आणि त्यांना बारीक जाळी मारा, उंदीर-साप येणार नाहीत. कपाटांची दारे अर्धवट उघडी ठेवा. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. मेच्या शेवटच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवून, भिंतीपासून हातभर दूर, खाटेवर उभ्या ठेवा आणि वरून जुनी सुती चादर टाका. सुती कपडे धुऊन पूर्ण वाळवा, खळ असलेले कपडे मागे ठेवूच नका. बुरशीला खळ फार आवडते. कपाटात ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगता येतात, पण त्यांत पाणी साठते, ते महिन्याने ओतून द्यावे लागते.

फ्रिज रिकामा करा, सोड्याच्या पाण्याने पुसा, दिवसभर उघडा वाळू द्या आणि दारात लाकडाची पाचर अडकवून फट ठेवा. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा. मेन स्विच बंद करा, आणि तेवढ्यावर न थांबता टीव्ही, इंटरनेटचा राऊटर, डिश यांच्या वायरीही सोडवा. वीज जवळ पडली तर ती केबलमधूनही आत येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून, पूर्ण चार्ज करून तारा सोडवा आणि टोकांना व्हॅसलिन लावा. कुलुपांत आणि बिजागऱ्यांत मशीन ऑइलचे दोन थेंब. छताची पन्हळ पानांनी तुंबली नाही ना, हे निघायच्या दिवशी शेवटचे पाहा.

आणि महिन्यातून दोनदा, उघडीप असेल त्या दिवशी, घर दोन-तीन तास उघडणारा माणूस ठरवा. हे काम शेजारधर्मावर सोडू नका, ठरवून पैसे द्या. त्याने प्रत्येक वेळी दारे उघडावीत, छताकडे पाहावे, जमिनीवर पाणी दिसले तर त्या जागी खडूने खूण करून फोटो पाठवावा. खडूची ती खूण तुम्ही सप्टेंबरमध्ये परत येईपर्यंत तशीच राहू द्यावी. शाकारणीच्या माणसाला नेमके कोणते कौल काढायचे हे तिच्यावरूनच कळते.